चाल : पारंपरिक

महाराष्ट्र दिन, शिवजयंती, शाहू जयंती, नवरात्र, झालेच तर दिवाळीची पहाट. यांपैकी कोणताही दिवस घ्यावा. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात त्या निमित्ताने कुठल्या तरी सभागृहात किंवा मांडवात लोकगीतांचा कार्यक्रम होतो आणि त्याला गर्दीही चांगली होते. मंचाच्या एका बाजूला हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणे; दुसऱ्या बाजूला सतार, बासरी, व्हायोलिन आणि सिंथेसायझर. जात्यावरची ओवी येते ती भूपातल्या आलापीचा पदर धरून. पाठीमागे आठ-दहा गळ्यांचा कोरस असतो, दोन कडव्यांच्या मधे बासरीचा तुकडा असतो आणि ओवी संपता संपता तबलजी एक चोख तिहाई घेऊन टाळ्या वसूल करतो. हातातल्या पत्रिकेत संगीत संयोजकाचे नाव असते, निवेदकाचे असते, ध्वनिव्यवस्था कोणाची हेही असते. गीताच्या पुढे मात्र एकच शब्द छापलेला असतो : पारंपरिक.

प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्द आहे.

अशा कार्यक्रमांविषयी आपल्याकडे दोन मते ठरून गेलेली आहेत. एक मत असे की लोकगीताला शास्त्रीय साज चढवणे म्हणजे रानातल्या वेलीला कुंडीत लावणे; तिचा जीव जातो. दुसरे मत असे की निदान या निमित्ताने तरी नव्या पिढीच्या कानांवर ही गाणी पडतात, तेव्हा फार चिकित्सा करू नये. पहिले मत मराठी विभागांच्या चर्चासत्रांत ऐकू येते, दुसरे सांस्कृतिक मंडळांच्या बैठकीत. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. साज चढवणे हा गुन्हा नव्हे, आणि गाणे कानांवर पडले म्हणजे ते पोचलेच असेही नव्हे. खरा प्रश्न निराळा आहे. सणाच्या मंचावर गाणे चढते तेव्हा त्याच्यातले काय खाली ठेवले जाते, आणि ते कोण ठरवते?

पहिल्या मताचा समाचार आधी घेऊ, कारण ते अधिक प्रतिष्ठित आहे. जात्यावरच्या ओवीचे शुद्ध रूप कोणते? छापील पानावर ती दोन ओळींची दिसते. गाताना तशी ती कधीच नसते. पहिल्या ओळीचा तुकडा परत येतो, मधे 'बाई', 'गं' असे शब्द भरले जातात, एखादा चरण मोडून दुसरीच्या तोंडी दिला जातो, आणि सगळ्याची लय जात्याच्या खुंट्याला धरलेल्या हाताने ठरते. घास मोठा पडला की जाते जड होते आणि सूर लांबतो. स्वर मोजकेच, तीन-चार. श्वास मात्र कष्टाचा. आता घरात जाते नाही. पिठाची गिरणी गावोगाव पोचली, आणि ती पोचली हे बायकांच्या खांद्यांच्या दृष्टीने फार चांगले झाले. पहाटे उठून पायली-पायली दळण दळणाऱ्या बाईला कोणी विचारले असते की गाणे हवे की गिरणी, तर तिने काय उत्तर दिले असते याविषयी शंका नको. तेव्हा मंचामुळे ओवी मेली असे म्हणणे अन्यायाचे आहे. मंचावर ती आली तेव्हा तिचे मूळ काम संपलेले होते. तिला दुसरे काम मिळणार असेल तर तिचे रूप बदलणारच.

शिवाय कोल्हापूरकरांनी तरी या बाबतीत सोवळे नेसू नये. या शहराचे सांगीतिक वैभव अशा सरमिसळीवर उभे आहे. येथे गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँना दरबारात आणले आणि जयपूर घराण्याची पाळेमुळे या मातीत रुजली. त्याच हवेत वाढलेले गोविंदराव टेंबे. १९११ साली 'मानापमान'च्या पदांना त्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांत ख्यालाच्या बंदिशींच्या बरोबरीने पूरब बाजाच्या ठुमरी-कजरीचा रंग होता. कजरी म्हणजे उत्तरेतले पावसाळ्याचे लोकगीत. काशी-मिर्झापूरकडच्या बायकांचे श्रावणातले गाणे कोठीवरच्या गायिकांच्या गळ्यातून हार्मोनियमवर उतरले आणि तिथून बालगंधर्वांच्या भामिनीपर्यंत आले. त्यापूर्वी १८८० च्या 'शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी आणि लावणीच्या चालींवर कण्वाश्रम उभा केलाच होता. कोणी असे म्हणत नाही की यामुळे लावणी बाटली किंवा कालिदास बाटला. (तसे म्हणणारे त्या काळी थोडेबहुत होते, आज त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत.)

परंतु या जुन्या नाट्यपदांच्या छापील पुस्तकात एक लहानशी गोष्ट असे, आणि माझ्या म्हणण्याचा कणा तीच आहे. प्रत्येक पदाच्या वर राग आणि ताल लिहिलेला असे, आणि बहुधा त्यांच्या शेजारी 'चाल' असा शब्द लिहून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले असत. म्हणजे हे पद अमुक लावणीच्या चालीवर, हे अमुक ठुमरीच्या, हे अमुक कानडी पदाच्या. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या पदांच्या चोपड्यांतही ही रीत दिसते. ती नोंद विद्वत्तेसाठी नव्हती. गाणाऱ्याला चाल कळावी एवढाच तिचा हेतू. परंतु तिच्यामुळे उसनवारी उघड राहिली. आज शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला 'मानापमाना'तले एखादे पद मागे मागे नेत मूळ बंदिशीपर्यंत जाता येते ते या एका ओळीच्या आधाराने. त्या एका ओळीची जागा आता 'पारंपरिक' या शब्दाने घेतली आहे. हा शब्द माहिती देतो असे वाटते. प्रत्यक्षात तो माहितीचे दार लावून घेतो.

येथे थोडे दूर, आयर्लंडला जाऊन यावे असे मला वाटते. आयर्लंडचे नाव मराठी वाचकाला परके नाही. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात होमरूल लीग स्थापली, तो 'होमरूल' हा शब्दच आयरिश चळवळीचा. योगायोग असा की त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव पेटून विझत होता. लोकगीत, राष्ट्र आणि सण यांची गुंफण त्या छोट्या देशात जितकी घट्ट झाली तितकी क्वचितच कुठे झाली असेल. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाला आज जगभर मिरवणुका निघतात, आणि मैफलींतून जुन्या आयरिश धुना पूर्ण वाद्यवृंदाच्या साजात वाजतात. त्या धुना तिथवर कशा आल्या हे पाहण्यासारखे आहे.

१७९२ च्या जुलैत बेलफास्टमध्ये हार्पवादकांचा एक मेळावा भरला. दहा आयरिश वादक आले, बरेच वृद्ध, काही अंध. त्यांची वादने लिहून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला नेमले होते. त्याने पुढे आयुष्यभर हेच काम केले आणि १७९६ साली पहिला संग्रह काढला, तोही पियानोवर वाजवता येईल अशा रूपात. अभ्यासक आजही कुरकुरतात की त्याने धुनांचे स्वर बदलले, पियानोच्या सोयीसाठी त्यांना सरळ केले. कुरकुर खरी आहे. पण बंटिंगने वादकांची नावे लिहून ठेवली. नखांनी तारा छेडणारा नव्वदीपलीकडचा डेनिस हेम्पसन आज आपल्याला ठाऊक आहे तो त्याच्यामुळे. टॉमस मूरने १८०८ पासून पुढे सव्वीस वर्षे 'आयरिश मेलडीज'चे दहा भाग काढले. शब्द मूरचे, पियानोचा साज मुख्यतः सर जॉन स्टीव्हन्सनचा, दिवाणखान्यात गाण्याजोगा, अंमळ गुळचट. तरीही प्रत्येक गीताच्या वर मूळ धुनेचे नाव छापलेले आहे. आपल्या नाट्यपदांवरच्या 'चाल'सारखेच.

आता याच्या उलट उदाहरण. १८५५ साली जॉर्ज पेट्रीच्या संग्रहात एक धुन आली. लिमावाडी गावच्या जेन रॉस या बाईंनी ती लिहून पाठवली होती. संग्रहात रॉसबाईंचे नाव आहे, आभार आहेत. ज्याच्याकडून त्यांनी ती ऐकली त्याचे नाव नाही, गाण्याचे शब्द नाहीत, धुनेला नावही नाही. पुढे गावकऱ्यांनी एका अंध फिडलवादकाचे नाव पुढे केले, पण ती आख्यायिकाच राहिली. ही निनावी धुन जगातल्या सर्वांत लोकप्रिय आयरिश धुनांपैकी एक ठरली. पर्सी ग्रेंजरने तिला वाद्यवृंदाचा भारदस्त साज चढवला. १९१३ मध्ये फ्रेडरिक वेदर्ली या इंग्लिश वकिलाने तिच्यावर आपले शब्द बसवले आणि 'डॅनी बॉय' जन्माला आले. म्हणजे आयरिशपणाची खूण म्हणून जे गाणे जगभर डोळ्यांत पाणी आणते, त्याचे शब्द इंग्लिश माणसाचे. यात मला काही वावगे वाटत नाही. गाणे उत्तम आहे. परंतु धुनेला मूळ नाव नसल्याने तिला पडलेले नाव पाहा. कोणी तिला 'लंडनडेरी'ची धुन म्हणते, तर ग्रेंजरने तिला 'काउंटी डेरी'ची म्हटले. त्या जिल्ह्याच्या नावात 'लंडन' असावे की नसावे यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राजकारण झालेले आहे. बेळगाव म्हणावे की बेळगावी, हा वाद ज्यांच्या दाराशी आहे त्या आम्हा कोल्हापूरकरांना याचे मर्म समजावून सांगायला नको. नाव पुसले की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरे कोणी तरी आपली पाटी लावते.

आयर्लंडच्या कहाणीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे पात्र मात्र विसाव्या शतकातले आहे. शॉन ओ रिआदा. जन्म १९३१, मृत्यू १९७१, चाळिशी जेमतेम. शिक्षण युरोपीय अभिजात संगीताचे. १९१६ च्या उठावापर्यंतचा आणि त्यापुढचा इतिहास जुन्या चित्रफितींतून सांगणारा 'मिशे एरे' हा चित्रपट १९५९ साली आला, त्याचे संगीत त्याने केले. त्यात त्याने 'रोशीन दुव', म्हणजे 'काळे गुलाबफूल', ही जुनी धुन पूर्ण सिंफनी वाद्यवृंदाला दिली. चित्रपट पाहून लोक भारावून गेले. ही धुन मुळात प्रेमगीताची, परंतु त्यातली प्रेयसी म्हणजे पारतंत्र्यातला आयर्लंड असा अर्थ शतकानुशतके त्या गीताला चिकटलेला. ओ रिआदाने शब्द घेतलेच नाहीत. गरजही नव्हती, ऐकणाऱ्यांना ते पाठ होते.

एवढे यश मिळाल्यावर दुसरा कोणी आयुष्यभर तेच करत राहिला असता. ओ रिआदा थांबला. दोनएक वर्षांतच त्याने पारंपरिक वादकांचा लहान संच उभा केला. त्यात वाद्ये पाळीपाळीने पुढे येत, सगळी एकदम कोसळत नसत. १९६२ च्या रेडिओ-व्याख्यानांत त्याने स्पष्ट मांडले की आयरिश लोकसंगीताची घडण युरोपीय संगीताहून वेगळी आहे, ते वर्तुळाकार फिरणारे आहे, आणि युरोपीय कसोट्या लावून त्याला सुधारायला जाऊ नये. पुढे तो कॉर्कच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि आयरिश बोलणाऱ्या कूल एआ या खेड्यात राहायला गेला. तिथल्या गावकऱ्यांचा गायकवृंद त्याने बांधला आणि त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेसाठी आयरिश भाषेत संगीत रचले. सिंफनीकडून खेड्यातल्या देवळाकडे असा हा उलटा प्रवास. वाद्यवृंदाचा साज वाईट म्हणून त्याने तो सोडला, असे मी म्हणणार नाही. 'मिशे एरे'चे संगीत त्याने नाकारल्याचे दिसत नाही. पण लोकगीत समजून घेण्याचा तो एकच मार्ग नव्हे, इतके त्याला कळले होते.

आपल्याकडे हे कळलेला माणूस म्हणजे कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा आजारपणामुळे १९४८ च्या सुमारास देवासला गेला आणि अंथरुणावर पडून माळव्याची गाणी ऐकत राहिला. पुढे त्यांनी लोकधुनांतून 'धुनउगम' राग निर्माण केले, लोकधुन हीच रागाची जननी असल्याचे प्रत्यक्ष गाऊन सिद्ध केले. 'गीतवर्षा'सारख्या ऋतूंच्या मैफलींत त्यांनी माळवी गीते आणि बंदिशी एकापाठोपाठ मांडल्या. वैशिष्ट्य असे की माळवी गीत गाताना कुमारजी त्याला तानांनी नटवत नाहीत. ते ज्या जागी थांबते तिथेच थांबतात. अभिजात गायकाने आपली विद्या दाखवण्यासाठी लोकगीत वापरणे आणि लोकगीत ऐकू यावे म्हणून आपली विद्या आवरती घेणे, या दोहोंतला फरक ज्याला जाणायचा असेल त्याने त्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. अशोक रानड्यांनी 'बैठकीची लावणी' मंचावर आणली तीही अशाच शिस्तीने, संशोधन आणि सादरीकरण हातात हात घालून. अशी उदाहरणे आहेत. ती सणाच्या मांडवात पोचली नाहीत, एवढेच.

सणाच्या मांडवात काय होते याचे मला सर्वांत बोचणारे उदाहरण अण्णाभाऊ साठ्यांचे आहे. वाटेगावच्या या शाहिराची मैनेची छक्कड महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमांत हमखास असते. गावाकडे राहिलेली बायको आणि पोटासाठी मुंबईला आलेला गडी. तिच्या रूपाचे वर्णन, विरहाची काहिली, मग मुंबईचे दर्शन, आणि शेवटाकडे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. तिथे अण्णाभाऊ थेट समीकरण मांडतात : जशी माझी आणि मैनेची ताटातूट, तशीच गत तुटलेल्या महाराष्ट्राची; आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे घेतात. 'रोशीन दुव'मध्ये जे गुलाबफुलाच्या आड दडवावे लागले, ते येथे शाहिराने उघड सांगितले आहे. ते उघड सांगणे हाच त्या रचनेचा कळस. आजच्या मंचीय सादरीकरणांत मी जे ऐकतो ते बहुतेक वेळा रूपवर्णन आणि विरह इथवरच येते. बासरी सुरेख वाजते, गायक जीव ओतून गातो, आणि बेळगावचे नाव येण्यापूर्वीच गाणे संपते. वेळेची मर्यादा असते, हे खरे. पण कापायला नेमके तेच सापडते, यालाही काही कारण असेल.

वास्तविक १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले. कोल्हापूरहून निपाणीला तासाभरात पोचता येते. तिथे मराठी बोलणाऱ्या माणसाला महाराष्ट्र दिन हा सण अर्धाच वाटत असणार. त्या अर्ध्या सणाचे गाणे अण्णाभाऊंनी लिहून ठेवले आहे, आणि आपण त्यातला शृंगार तेवढा ठेवून घेतला. लोकगीताचा साज कसा असावा यावर आपण तावातावाने बोलतो. लोकगीताच्या शब्दांना लागलेल्या कात्रीवर कोणी बोलत नाही. येथे तर 'पारंपरिक' असाही प्रकार नाही, कवीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या नावाने त्याचीच अर्धी रचना सादर होते.

राज्यगीताचे उदाहरण या संदर्भात सौम्य आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज, असा तो १९६० चा त्रिवेणी संगम. २०२३ च्या शिवजयंतीपासून तो अधिकृत झाला, मूळ गीतातली दोन कडवी निवडून. भावगीतातल्या अवघड वळणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या खळ्यांनी शाहिराच्या खड्या गळ्याला शोभेल अशी चाल बांधली हे त्यांचे मोठेपण. इथे तिघांचीही नावे शाबूत आहेत. नावे शाबूत असली की निदान वाद घालता येतो.

ओव्यांच्या बाबतीत नावाचा प्रश्न सुटू शकतो, हेही सिद्ध झालेले आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुण्यातून जे काम उभे केले त्यात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीएक ध्वनिमुद्रित केल्या, आणि 'पारी'च्या संग्रहातून २०१७ पासून त्या सर्वांना ऐकता-वाचता येतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आपल्या जुन्या संकलनांत, मग ती कितीही थोर माणसांनी केलेली असोत, ओवी सांगणारीचे नाव बहुधा आढळत नाही. 'मराठी स्त्री' अशी एक सर्वसाधारण माऊली त्या गात असते. नावे आली की या माऊलीची एकदम हजारो माणसे होतात. मग दिसते की ओवीत विठ्ठल आणि माहेर आहे तसेच बाबासाहेब आंबेडकर आहेत, नवऱ्याचा मार आहे, सासूची कुचंबणा आहे, मुलगी झाली म्हणून फिरवलेली तोंडे आहेत. दिवाळी पहाटेला भीमाची ओवी भूपाच्या आलापीसह गायली गेल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? त्या ओवीला भूप वर्ज्य नाही. मग निवड कोण करते?

हलगीचेही तसेच. हलगी, घुमके, कैताळ हा आमच्या भागाचा ठेका. कुस्तीचे मैदान, जत्रा, मिरवणूक त्याच्यावाचून हलत नाही. डॉल्बीच्या भिंतींनी त्याला मधल्या काळात हाकलून लावले होते, आता 'पारंपरिक वाद्ये' म्हणून तो मानाने परत येतो आहे. विद्यापीठीय युवा महोत्सवांच्या लोकवाद्यवृंद स्पर्धेत सर्व जातींची मुले-मुली हलगी हातात घेतात, हे दृश्य पन्नास वर्षांपूर्वी अशक्य होते आणि ते पाहून मला मनापासून आनंद होतो. कातडे ज्याने कमवायचे, वाद्य ज्याने वाजवायचे, त्याने दारातच उभे राहायचे, हा आपला इतिहास आहे. पण ज्या हलगीवाल्याकडून ही मुले ठेका शिकतात, तो महोत्सवाच्या वेळी मंडपाबाहेर चहा पीत उभा असतो. पत्रिकेत 'मार्गदर्शक' म्हणून प्राध्यापकाचे नाव असते. ठेक्याच्या पुढे काय लिहिलेले असते ते वाचकांनी ओळखले असेलच.

आता मराठीच्या शिक्षकांकडे वळतो, कारण हे पान तेच वाचतात. लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका बहुतेक विद्यापीठांत असते. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे यांच्या कामाचा परिचय होतो, ओवीच्या छंदाची चर्चा होते, चरण मोजले जातात. रानड्यांचे 'लोकसंगीतशास्त्र' १९७५ चे. ते संदर्भग्रंथांच्या यादीत असते, वर्गात क्वचित उघडते. ज्या वाङ्मयप्रकाराचे अस्तित्वच स्वरात आहे तो स्वराविना शिकवला जातो, आणि मग तोच विद्यार्थी मांडवात साज चढवलेली ओवी ऐकून एक तर नाक मुरडतो किंवा भारावतो. मूळ कानांवर नसल्यामुळे तिसरी प्रतिक्रिया त्याला उपलब्ध नसते.

एक साधी सूचना करतो. एम. ए. च्या विद्यार्थ्याला लोकगीतांचे संकलन करायला सांगताना शब्दांबरोबर चार गोष्टी लिहून आणायला सांगाव्यात : गाणारीचे पूर्ण नाव, गाव, ती हे गाणे कोणाकडून शिकली, आणि कोणते काम करताना गात असे. आवाज मोबाइलवर मुद्रित करावा, आधी तिची परवानगी घेऊन. महाविद्यालयाच्या कार्यक्रमात त्यातले गाणे घ्यायचे ठरले तर सतार घ्यावी, व्हायोलिन घ्यावे, हवी तर तिहाईही घ्यावी. पत्रिकेवर मात्र नाट्यपदांच्या जुन्या पुस्तकासारखी एक ओळ असू द्यावी. 'चाल' असे लिहून पुढे त्या बाईचे नाव आणि गावाचे नाव. ती हयात असेल तर पहिल्या रांगेत एक खुर्चीही, आणि येण्याजाण्याचे एस. टी. चे भाडे.